मटेरियल सायन्समध्ये यायचंय? बेळगाव-खानापूरकडून निघणाऱ्यांसाठी

दर गणपतीला गावी, खानापूर तालुक्यात आले की दोन-तीन पोरं-पोरी घरी येऊन बसतात. बरोबर आई नाहीतर मामा असतो. प्रश्न ठरलेला: "ताई, तुमच्या लाईनला यायचं तर काय करायचं?" चहा होईपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगते आणि दरवेळी निम्मं राहून जातं, त्यातही कागदपत्रांचं हमखास. म्हणून यंदा सगळं लिहून काढलं.

"तुमची लाईन" म्हणजे काय ते आधी सांगते. धातूला भयंकर परिस्थितीत ठेवलं की त्याच्या आत काय होतं, ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं काम. भयंकर म्हणजे किती? जेट इंजिनातल्या टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांच्यावरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही जास्त तापलेला असतो. पात्याच्या पोटात थंड हवेच्या वाटा असतात, वर सिरॅमिकचा लेप असतो, म्हणून ते तग धरतं. अणुभट्टीत तापमानाच्या जोडीला न्यूट्रॉनचा मारा असतो. १९६७ साली स्कॉटलंडमधल्या डाउनरे इथल्या अणुभट्टीतून काढलेलं स्टेनलेस स्टील मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा त्यात असंख्य बारीक पोकळ्या दिसल्या. धातू आतून फुगत होता. बाहेरून नळी धडधाकट दिसते आणि आत हा प्रकार! तेव्हापासून "कमी फुगणारं स्टील" शोधण्यात कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, म्हणजे चांगल्या अर्थाने, आयुष्यभराच्या.

आणि हो, मराठीत "पदार्थविज्ञान" म्हणू नका. आपल्या आधीच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकात पदार्थविज्ञान म्हणजे फिजिक्स. माझ्या आजोबांची शेवटपर्यंत समजूत होती की मी फिजिक्सची मास्तरीण आहे. मटेरियल सायन्स म्हणा नाहीतर धातुशास्त्र म्हणा.

१. बारावीनंतरच्या वाटा

पीयूसीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवंच. पुढे तीन वाटा आहेत.

पहिली, थेट मेटलर्जी. बेळगावात व्हीटीयू या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं मुख्यालय आहे, कॉलेजं भरपूर आहेत, पण मुलांचा सगळा ओढा कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलकडे. मेटलर्जीसाठी आपल्या राज्यात सुरतकलचं एनआयटी हे नाव डोक्यात ठेवा. प्रवेश जेईई मेनवर होतो, आणि एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांसाठी असतात. आपल्याकडची पोरं केसीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा रँक धरून बसतात आणि जेईईचा फॉर्मच भरत नाहीत, तिथे ही वाट बंद होते.

पुण्याचं सीओईपी हाही पर्याय आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव असेल आणि मातृभाषा मराठी असेल, तर महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागाचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन वेगळे दाखले त्यांनीच दिलेल्या नमुन्यात लागतात. हे ऐन प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही, दोन महिने आधी मागे लागा.

दुसरी वाट मेकॅनिकलची. मी याच वाटेने आले. काही बिघडत नाही. दुसऱ्या वर्षाला मटेरियल सायन्सचा एक पेपर असतो, बहुतेक जण तो आयर्न-कार्बन आकृती (किती कार्बनला, किती तापमानाला लोखंडाचं रूप कोणतं ते दाखवणारी) पाठ करून काढतात. तुम्ही तो समजून घ्या.

तिसरी, बीएस्सी. घरी इंजिनिअरिंगची फी झेपत नसेल तर ही वाट कमीपणाची मुळीच नाही. फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, किंवा धारवाड नाहीतर कोल्हापूरला एमएस्सी. क्रिस्टलोग्राफी (स्फटिकातल्या अणूंची मांडणी) आणि डिफ्रॅक्शन (किरणांच्या विखुरण्यावरून ती मांडणी ओळखणं) या दोन गोष्टी फिजिक्सवाल्यांना आमच्यापेक्षा लवकर कळतात. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी फिजिक्सच्या एका मैत्रिणीच्या वह्यांवरच तरले.

२. कागदपत्रं (हा भाग सोडू नका)

मोठ्या संस्थेत निवड होऊनही माझी दीड महिना लोंबकळ झाली, ती मार्कांमुळे नव्हे. दहावीच्या मार्क्स कार्डावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आधार कार्डावर पूर्ण नाव, क्रम उलटा. डिग्रीवर तिसराच प्रकार. आणि गावाच्या दाखल्यात कन्नडमधून इंग्रजीत येताना आडनावातलं एक अक्षर बदललेलं. समोरच्या कारकुनाने चारही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, "यातली तुम्ही कोण?"

म्हणून पहिलं काम: दहावीच्या मार्क्स कार्डावर जे स्पेलिंग आहे तेच प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक, पुढे पासपोर्ट, सगळं त्याला जुळवून घ्या. आद्याक्षरं फोडून घ्यायची असतील तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते पदवीच्या आधी करा, नंतर दुप्पट कागद बदलावे लागतात.

लागणारी कागदपत्रं:

- एसएसएलसी आणि पीयूसीची मार्क्स कार्डं, पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरची मार्क्स कार्डं, प्रोव्हिजनल आणि कॉन्व्होकेशन सर्टिफिकेट
- टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट (व्हीटीयूतून बाहेर पडताना लगेच अर्ज करा)
- जात आणि उत्पन्नाचा दाखला, लागत असल्यास नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस
- रहिवासी दाखला
- गेटचं स्कोअरकार्ड (पदवीनंतरच्या प्रवेशाची परीक्षा, पुढे चौथ्या भागात सांगितलीय)
- मराठी शाळेतला किंवा कन्नडमधला एखादा दाखला जोडायचा असेल तर त्याचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर
- पासपोर्ट. आत्ता लागत नाही वाटलं तरी काढून ठेवा

जातीच्या दाखल्यात एक मोठा खड्डा आहे. कर्नाटकाच्या यादीत तुमची जात मागासवर्गात असली म्हणजे ती केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असं नाही. आयआयटी, आयआयएस्सी, अणुऊर्जा खातं ही सगळी केंद्राची घरं, तिथे केंद्राचीच यादी आणि केंद्राच्याच नमुन्यातला दाखला चालतो. नाडकचेरीत जाऊन नुसतं "कास्ट सर्टिफिकेट द्या" म्हटलं की राज्याच्या नमुन्यातलं हातात पडतं. "सेंट्रल फॉरमॅट" हे शब्द तोंडाने सांगा, आणि छापून आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसवरच्या तारखा बघा, गेल्या वर्षीचा कागद परत पाठवतात.

अजून एक. २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावचं अधिकृत नाव बदललं. जुन्या दाखल्यांवर जुनं स्पेलिंग, नव्यांवर नवं. भारतात कोणी अडवत नाही, पण परदेशाच्या व्हिसाच्या वेळी जन्मगाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसलं की खुलासा मागतात. सगळीकडे पासपोर्टात असेल तेच लिहा.

३. पहिला मायक्रोस्कोप उद्यमबागेत

लोकांना वाटतं या कामासाठी बंगळूर-मुंबईलाच जावं लागतं. बेळगाव हे फाउंड्रीचं गाव आहे हे आपणच विसरतो. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आणि आसपास ज्या फाउंड्रीत एसजी आयर्न, म्हणजे आत ग्रॅफाइटचे गोल गोळे असलेलं ओतीव लोखंड, ओततात, तिथे एक छोटी लॅब असतेच, कारण गिऱ्हाईक नोड्युलॅरिटीचा, म्हणजे ते गोळे किती गोल आहेत त्याचा, रिपोर्ट मागतं. त्या लॅबमध्ये सुट्टीतले चार आठवडे काढा. पगार मागू नका. तिथे जो हात बसतो तो आयुष्यभर पुरतो.

मी तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत अशाच एका फाउंड्रीत गेले. आधी दोन ठिकाणी "मुलगी? सोबत कोण आलंय?" ऐकून परत आले होते. तिसऱ्या ठिकाणी लॅब सांभाळणारे एक वयस्क काका होते, त्यांनी काही न विचारता हातात कास्टिंगचा कापलेला तुकडा दिला आणि पाण्याच्या नळाशी नेऊन उभं केलं.

नमुना असा करतात. पॉलिश पेपर २२० या जाड्या नंबरपासून सुरू, पुढे बारीक होत जातो: २२०, ४००, ६००, ८००, १०००, १२००. एका पेपरवर एकाच दिशेने घासायचं. पुढचा पेपर घेताना नमुना काटकोनात फिरवायचा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. पेपर बदलताना नमुना धुवायचा आणि हातही धुवायचे. माझे हात धुवायचे राहिले. नखात अडकलेला २२० चा एक कण १२०० च्या पेपरवर आला आणि तासाभराच्या मेहनतीवर आडवा ओरखडा उमटला. काका एवढंच म्हणाले, "गडबड आहे काय तुला? बस जाते काय?"

मग मखमलीच्या कापडावर अल्युमिना टाकून आरशासारखी चमक येईपर्यंत पॉलिश. आधी तसाच बघायचा, म्हणजे ग्रॅफाइटचे काळे गोळे स्वच्छ दिसतात. मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये २ टक्के नायट्रिक आम्ल, त्यात काही सेकंद बुडवायचं. चमक जाऊन पृष्ठभाग दुधाळ करडा झाला की लगेच पाण्याखाली, मग अल्कोहोल, मग गरम हवा. आता आयपीसमध्ये बघा: काळे गोल गोळे, त्यांच्याभोवती पांढऱ्या फेराइटची (जवळजवळ शुद्ध लोखंड) कडी आणि पलीकडे बोटांच्या ठशासारखं पट्ट्यापट्ट्यांचं पर्लाइट. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझी संध्याकाळची बस खरंच चुकली.

आपल्याकडे खानापूरची माती, कौलं, मडकी हे सगळं उष्णता सोसणाऱ्या मटेरियलचंच शास्त्र आहे. हिंदाल्कोच्या कारखान्यात, ज्याला गावात अजून इंडाल म्हणतात, बॉक्साइटपासून अल्युमिना बनतो. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट सहल म्हणून काढू नका, तिथल्या क्वालिटीवाल्या माणसाचं नाव लिहून घ्या.

कॉलेजात एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नसेल तर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फी भरून नमुने बघून मिळतात. देशभरातली यंत्रं आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येतात. जाताना स्वतः जा आणि ऑपरेटरशेजारी बसा. कुरियरने नमुना पाठवून फोटो मागवले तर शिकणार काय?

४. गेट

पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० मार्क, त्यातले १५ जनरल अॅप्टिट्यूडचे. स्कोअर तीन वर्षं चालतो. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. तिसऱ्या वर्षात असतानाही बसता येतं आणि बसावं.

मेकॅनिकलच्या मुलांची चूक अशी की डोळे झाकून मेकॅनिकलचाच पेपर घ्यायचा. तुम्ही मेटलर्जीचा पेपर देऊ शकता, किंवा इंजिनिअरिंग सायन्सेसचा, ज्यात मटेरियल सायन्स हा भाग निवडता येतो. पण अर्ज करायच्या आधी ज्या विभागात जायचंय त्याची जाहिरात वाचा, कोणते पेपर चालतात ते तिथे लिहिलेलं असतं. अभ्यासासाठी एनपीटीईएल या सरकारी साईटवरची व्याख्यानं फुकट आहेत, क्लासला पैसे घालवायची गरज मला तरी वाटली नाही.

५. कुठे जायचं

आयआयएस्सी बंगळूरचा मटेरियल्स इंजिनिअरिंग विभाग, आयआयटी मुंबईचा मेटलर्जी विभाग, आयआयटी मद्रास, कानपूर, खरगपूर. अणुभट्टीच्या मटेरियलसाठी कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र. विमान-क्षेपणास्त्रांच्या धातूंसाठी हैदराबादची डीएमआरएल ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा. फ्यूजनसाठी, म्हणजे अणू जुळवून ऊर्जा काढायच्या कामासाठी, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था.

पीएचडीऐवजी थेट नोकरी हवी असेल तर भाभा केंद्राचं ट्रेनिंग स्कूल बघा: वर्षभराचं प्रशिक्षण, मग सायंटिफिक ऑफिसर. तिथे खुल्या गटाला वयाची मर्यादा २६ आहे. "आधी दोन वर्षं पुण्यात नोकरी करून बघतो" म्हणणारी हुशार मुलं या आकड्यावर अडकतात. निवड झाली की पोलिस पडताळणी होते. गावच्या पत्त्यावर माणूस येतो, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे खाकी वर्दी दारात बघून आजीने देव पाण्यात घातले होते.

संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघा. मुलाखतीच्या दिवशी त्यांच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि दोन प्रश्न विचारा: पीएचडीला किती वर्षं लागली, आणि मायक्रोस्कोपवर तुम्ही स्वतः बसता की ऑपरेटर बसतो? दुसऱ्याचं उत्तर "ऑपरेटर" असेल तर पुन्हा विचार करा.

पैशाचं थोडक्यात: जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पाच-सहा वर्षं धरून चाला. घरी हा आकडा आधीच सांगा, नाहीतर चौथ्या वर्षी "अजून शिकतेच आहे काय ही?" सुरू होतं.

६. टीईएमवर (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बसण्याआधी

फाउंड्रीतल्या मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश पृष्ठभागावरून परत येतो. ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात, म्हणून नमुना १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ लागतो. अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी १९३१ मध्ये पहिलं यंत्र केलं आणि रुस्कांना नोबेल मिळालं १९८६ मध्ये. घरचे विचारतील तेव्हा हे उदाहरण कामाला येतं.

नमुना म्हणजे ३ मिलिमीटर व्यासाची चकती, आधी घासून कागदाहून पातळ केलेली. मग ट्विन-जेट: दोन्ही बाजूंनी आम्लाची धार, वीज चालू, मध्यभागी बारीक छिद्र पडलं की यंत्र थांबतं. त्या छिद्राच्या कडेला जो पातळ पापुद्रा उरतो तोच बघायचा. स्टीलसाठी बहुधा मिथेनॉलमध्ये थोडं परक्लोरिक आम्ल, द्रव नायट्रोजनने शून्याखाली तीसेक अंशांपर्यंत थंड केलेलं. हे द्रावण गरम होऊ द्यायचं नाही, आणि परक्लोरिक आम्ल कधीही मनाने कशात मिसळायचं नाही. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला पॉलिशिंगच्या अशाच टाकीचा स्फोट होऊन माणसं गेली. कोणी सीनियर "काही होत नाही गं" म्हणाला तरी फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणारं कपाट) हे काम करू नका.

माझी स्वतःची चूक सांगते. आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून आणलेली एक चकती, जिच्यासाठी अॅक्सिलरेटरच्या, म्हणजे तो मारा करणाऱ्या यंत्राच्या, वेळेची चार महिने वाट पाहिली होती, ती छिद्र पडल्यावर चिमट्याने उचलताना मधोमध धरली. पापुद्रा गेला. चकती कडेलाच धरायची, आणि धुतल्यावर फिल्टर पेपरवर सपाट न ठेवता कडेने टेकवायची. चिमटा स्वतःचा विकत घ्या, कोणाला देऊ नका, टोकांना नळीचं टोपण घाला.

७. आयनांचा मारा, आणि खोटे काळे ठिपके

खऱ्या अणुभट्टीत नमुना ठेवला तर वर्षं जातात आणि तो किरणोत्सारी होऊन बाहेर येतो. म्हणून अॅक्सिलरेटरमधून जड आयन मारतात. भट्टीत वर्षानुवर्षं होणारं नुकसान काही तासांत-दिवसांत होतं. नुकसान डीपीएमध्ये मोजतात: प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागेवरून उडाला. कल्पाक्कमला आणि दिल्लीच्या आययूएसी या अॅक्सिलरेटर केंद्रात अशी सोय आहे. हिशेबासाठी स्रिम नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो.

पण हे आयन जेमतेम मायक्रॉनभर आत जातात. तेवढ्याच थरातून पापुद्रा कापायला फिब (फोकस्ड आयन बीम) यंत्र वापरतात, ते गॅलियमचे आयन मारून कापतं. आणि इथे नवा माणूस फसतो. गॅलियमही आयनच, तोही धातू बिघडवतो. पडद्यावर काळे ठिपके दिसतात, तुम्ही आनंदाने "रेडिएशन डॅमेज!" म्हणून मोजत बसता आणि निम्मे ठिपके तुमच्या फिबनेच केलेले असतात. उपाय दोन. शेवटची सफाई ३० ऐवजी २ ते ५ किलोव्होल्टवर करा. आणि मारा न केलेला तोच धातू त्याच पद्धतीने कापून शेजारी ठेवा. हा दुसरा नमुना नसेल तर निकाल मांडायलाच जाऊ नका, पहिल्याच प्रश्नाला खाली बसाल.

मायक्रोस्कोपचा इलेक्ट्रॉनही काही साधू नाही. अल्युमिनियम २०० किलोव्होल्टवर बघत बसलात तर साधारण १७० च्या वर इलेक्ट्रॉनच अणू जागचे हलवायला लागतात. म्हणजे बघता बघता नमुना बिघडतो. कमी व्होल्टेजवर जा, आणि पुढे कुठला भाग फोटोत घ्यायचाय तो ताजा ठेवा.

अणुऊर्जेच्या संस्थांत मोबाईल गेटवरच राहतो, किरणोत्सारी नमुन्यांपाशी टीएलडी बिल्ला (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) लावावा लागतो. वही-पेनाची सवय ठेवा: तारीख, नमुन्याचा नंबर, व्होल्टेज, कॅमेरा लेंग्थ (मायक्रोस्कोपची एक सेटिंग). फोटो मोजायला इमेज-जे फुकट आहे, आजच घरच्या लॅपटॉपवर घालून फाउंड्रीतल्या फोटोंवर ग्रॅफाइटचे गोळे मोजून बघा.

८. भाषेचं

इंग्रजी येतं, लिहिताना अडखळतं, तेही दोन वर्षांत सुटतं. पण कन्नड नीट बोलायला शिका. बंगळूरला लिक्विड नायट्रोजनचा कॅन वेळेवर कोण देतं? स्टोअरमधला माणूस. त्याच्याशी मी पहिल्या दिवशी आमच्या खानापुरी कन्नडमध्ये बोलले, तो भरपूर हसला, आणि नंतर कधी माझा कॅन रिकामा राहिला नाही.

यंदा गणपतीत घरी येणार असाल तर मार्क्स कार्डाच्या झेरॉक्सबरोबर स्वतः पॉलिश करून नायटलमध्ये बुडवलेला एक नमुना आणा, घरच्या जुन्या मायक्रोस्कोपवर बघू. झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून आणा. भाद्रपदातल्या आपल्या हवेत ओतीव लोखंड एका रात्रीत गंजतं.